उजव्या हाताचा ठोसा

माझ्या प्रिय खारूताई,

शाळेत आमच्या सिस्टर पत्रलेखन शिकवताना सांगायच्या, पत्राचं कारण पहिल्याच परिच्छेदात लिहावं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. मला त्यात कायम दहापैकी नऊ मिळायचे. आज मात्र जमत नाहीये. फोनवर दोनतीनदा सांगायला घेतलं, पण तुझं ‘काय गं आई’ कानावर पडलं की माझ्या तोंडून ‘सगळं ठीक’ एवढंच निघतं. म्हणून कागद घेतला. थोडी ताटकळ.

तुझ्या बाबांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात कापड बेतलं. त्या उजव्या हातात कात्री अशी चालायची, की गिऱ्हाईक माप द्यायचं सोडून बघत राहायचं. पण टीव्हीवर बॉक्सिंग लागलं की स्वारी जागची हलायची नाही. नियम धड माहीत नव्हते, खेळाडूंची नावं लक्षात राहायची नाहीत, तरी ‘अरे, तोंड झाक, तोंड झाक!’ म्हणून पडद्याला शिकवणं चालू. मी म्हणायची, तो तुमचं ऐकतोय होय? तर म्हणायचे, ऐकलं असतं तर पडला नसता.

म्हणून त्यांना झटका आल्यावर तू तो बॉक्सिंगचा गेम पाठवलास तेव्हा मला हसू आलं, रडूही आलं. थेरपीवाली ताई म्हणाली, बरंच झालं, बोटांना व्यायाम. पण उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. चालत होता तो डावा अंगठा. तूच फोनवरून सांगून बटणं लावून घेतलीस, डावा हात डाव्या अंगठ्याला, उजवा उजव्याला, म्हणालीस, उजवं बटण वाट बघत राहील बाबांची. मग दर रविवारी दुपारी तू तिकडे तुझ्या खोलीत आणि हे इथे उशीला टेकून, बापलेकीची जुंपायची. इतके पिळदार गडी असताना यांनी निवडला तो पोट सुटलेला, टक्कल पडलेला. तू त्याला ‘मामा’ म्हणायला लागलीस. मामाला एकच ठोसा यायचा, डाव्या हाताचा. तू पडलीस की मामा लगेच दोन पावलं मागे. पडलेल्याच्या अंगावर उभं राहणं यांना गेममध्येसुद्धा जमलं नाही. तोंड वाकडं झाल्यापासून त्यांना फोनचा कॅमेरा नको असायचा. तू फोन स्पीकरवर ठेवून विचारायचीस, बाबा, जेवलात का? मामा दोन्ही हात वर करायचा. तो त्यांचा ‘हो’.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी तो अंगठाही हलेना. रिमोट मांडीवरून दोनदा घसरला (कंट्रोलर म्हण, म्हणशील). फोन वाजत होता. त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आजच्या दिवस, असं म्हणून मी रिमोट उचलला.

तुला वाटलं, बाबा पेंगताहेत. ‘मामा, झोपेत खेळताय काय?’ म्हणालीस. मी घाबरून नुसतं तोंड झाकत राहिले. पुढच्या रविवारी तुला संशय यायला नको, म्हणून रोज दुपारी त्यांचा डोळा लागला की आवाज बंद करून सराव करायला लागले. खरं सांगू? मला आवडायला लागलं. मी, जिनं झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडलं, ती दात ओठ खाऊन गुद्दे घालत होते. डॉक्टरवर, औषधांच्या डबीवर, कुणाकुणावर. फक्त डाव्या हातानं. एवढं मी कटाक्षानं पाळत होते.

आणि तो तिसरा रविवार. तू मामाला दोरांपाशी कोंडलंस, हसत हसत बुकलत होतीस. माझा उजवा अंगठा कधी दाबला गेला, मला कळलंच नाही. मामाचा उजवा हात खालून आला आणि तू आडवी. मग तू किंचाळलीस, ‘बाबा! उजवा! उजव्या हातानं मारलंत!’ रडत होतीस तू, नाक ओढत होतीस, लहानपणी ओढायचीस तशी. आणि रडता रडता म्हणालीस, रजा टाकली होती ती आता मागे घेते, दोन महिन्यांनी येते, तोवर तुम्ही चालायला लागाल, फाटकापर्यंत जाऊ आपण. चालेल ना, बाबा?

मी मामाचे दोन्ही हात वर केले.

बाबा जागे होते, खारू. तुझा आनंद ऐकून त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. खरंच हलला की काय, असं. नंतरचे पाचही रविवार मीच खेळले. सांगायचं म्हणून दर वेळी ठरवायची, आणि तू ‘मामा, आलात का?’ म्हटलंस की हात वर करायची.

आता कारण लिहिते. परवा त्यांना दुसरा झटका आला. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं, यातलं आता काही परत यायचं नाही, घरीच घेऊन जा. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काल घरी आणलं. डोळे उघडे असतात, पण ते माझ्यापाशी थांबत नाहीत. तू आलीस तर ओळखतील का, याला मी हो म्हणणार नाही. एकदा खोटं ‘हो’ म्हणून तुझे पाच आठवडे घालवले. त्या दिवशी ते तुला ओळखत होते. तुला पाडलं ते मी, आणि तिकडेच थांबवलं तेही मीच. पोस्टात टाकलं तर आठवडा जाईल, म्हणून या पानांचे फोटो काढून पाठवते आहे. वाचलंस की फोन करू नकोस, मी पुन्हा ‘सगळं ठीक’ म्हणेन. नुसती निघ. रविवारची वाट बघू नकोस, मामा यायचा नाही.

तुझीच, उजव्या हाताची अपराधी,
आई