मापावरची मूठ

तळोदा
८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
रंजिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

घरातला फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून लिहिते आहे. हे आधी तुम्ही एकट्यानेच वाचा. मनगटाची सूज उतरली का? माझं ऑफिस ठीक चाललं आहे.

आप्पा, मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीत तेल योसेफकाकांनी भरलं नव्हतं. मी भरलं होतं.

दिवाळीनंतर ते नवापूरहून त्या पेटीचं तेल अडवणारं सील बदलायला आले, तेव्हा घरात तेल नव्हतं आणि त्यांची बस सुटायची होती. गाडी मधल्या स्टँडवर सरळ ठेव, भोकाच्या काठाला तेल लागलं की थांब, असं ते मला दोनदा सांगून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्यात असताना मी काठापर्यंत भरलं. मग वाटलं, कमी पडलं तर? आपल्या गाडीला साखळी नाही, शाफ्टचा सगळा भार त्या पेटीतल्या दातांवर. दगूआजी धान्य मोजताना माप भरलं की वर एक मूठ टाकायची, मलाही तिने तसंच शिकवलं. मी गाडी भिंतीला कलती करून आणखी अर्धी वाटी ओतलं आणि बूच आवळलं. चांगलंच केलं, असं वाटलं होतं.

तेच जादा तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं. कारखान्याच्या गेटसमोर उसाची ट्रॉली अचानक थांबली, तुमचा ब्रेक धरलाच नाही आणि तुम्ही पडलात.

दवाखान्यात तुम्ही चार लोकांसमोर म्हणालात, की योसेफला सील बसवता येत नाही, आता त्याला अंगणात पाय ठेवू देणार नाही. मी उशाशीच उभी होते. मला सगळं ठाऊक होतं. मी संत्रं सोलत राहिले.

काल लोणखेड्याच्या नवनीतदादाकडून कळलं, की तिथल्या दोघांनी योसेफकाकांना गाडीच्या कामाला येऊ नका म्हणून कळवलं. तेव्हापासून घास उतरत नाही.

हवं तितकं रागवा, पण मला परकी करू नका.

तुमची,
रंजिता

---

पुरुषोत्तमनगर
१३ जानेवारी

चि. रंजितास अनेक आशीर्वाद.

उजवा हात गळ्यात आहे, डाव्याने लिहितो. अक्षराला हसू नको. तुझी आई रोज हसते. हाऊ माणूस रोज चहा सांडस, असं शेजारी सांगत फिरते.

पत्र वाचून राग आला. एक वेळ जेवलो नाही. पण तू गप्प राहिलीस, आणि बोललो तर मीच. योसेफला एक शब्द विचारला नाही. त्याने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी कापला. वीस वर्षांचा दोस्त.

त्या चौघांना काल गेटवर गाठून खरं सांगितलं. लोणखेड्यालाही जाईन. नवापूरला मात्र तुझी तू जा. तुझ्या वाट्याची माफी मी मागणार नाही, मला माझीच मागायची आहे.

मनाला लावून उपाशी राहू नको. आईची माया तशीच आहे, माझीही.

आप्पा

---

तळोदा
२० जानेवारी

तीर्थरूप आप्पांस, शि. सा. नमस्कार.

काल नवापूरला जाऊन आले. योसेफकाका अंगणात पाण्याचा पंप खोलून बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी आधी तुमच्या मनगटाची चौकशी केली. मग किती तेल जादा घातलं, ते विचारलं. अर्धी वाटी म्हटल्यावर बराच वेळ हात पुसत राहिले.

मार्थाकाकूंनी सांगितलं, की अपघातापासून महिनाभर काकांनी सीलचं एकही काम घेतलं नाही. आपलाच हात चुकला असं समजून स्वतःच्या गाडीचं चांगलं सील उपटून पाहिलं, कुठे चुकलो ते शोधायला. आप्पा, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी ते आपल्याकडे येणार आहेत. ड्रम ते साफ करतील, तेल मात्र मी भरायचं आणि ते नुसते बघत बसणार, असं त्यांनी बजावलं.

निघताना काकूंनी तुमच्यासाठी घरचा तांदूळ मोजला. मी पिशवीचं तोंड धरून उभी होते. माप काठोकाठ भरलं होतं. त्यांनी ते पिशवीत ओतलं आणि वर एक मूठ टाकली. मला मान वर करता आली नाही.

रविवारी येते. तोवर लोभ राखून ठेवा.

रंजिता