पटकन निघणारी कवळी

मंगळवार, संध्याकाळ

त्या थपडेचा आवाज अजून कानात आहे.

जळगाव जामोदच्या दातांच्या शिबिरात आज विद्यार्थ्यांना कवळी बसवून दाखवत होतो. वनिताबाईंना नवी कवळी बसवली. माझी विद्यार्थिनी प्राची त्यांना सूचना देत होती. झोपताना काढायची, पाण्यात ठेवायची.

बाईंनी विचारलं, "पटकन निघते ना हे?"

"हो मावशी, एका बोटानं."

"मंग बरं. पोरानं हात उचलला का पयले काढून ठेवीन. मांगच्या खेपीले दोन दात पोटात गेले."

प्राची हसली, तिला गंमत वाटली. मीही हसलो का? बहुतेक हसलोच.

बाईंचा मुलगा शेजारीच उभा होता. "काऊन वं बुढे, लोकाईत इज्जत काढून राह्यली माही?" म्हणाला आणि सगळ्यांदेखत त्यानं आईला थोबाडीत मारली. तोच तो आवाज. कवळी फरशीवर पडली, ओठ फाटला.

माझ्या हातात मेण कापायची सुरी होती. ती खाली न ठेवताच मी त्याला भिंतीवर आपटलं. सुरी त्याच्या गळ्याला टेकली होती. वर्गात कधी आवाजही न चढवणारा मी! प्राचीनं मनगट धरलं नसतं तर?

विद्यार्थ्यांनी त्याला खोलीत कोंडलं. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. वाटलं, बाई आता लेकाला पाठीशी घालणार.

त्यांनी कवळी उचलली, धुतली आणि रक्ताळलेल्या तोंडात स्वतःच बसवली.

"चाला," म्हणाल्या. "बिनदाताचं बोलणं कोणाले समजत नाही."