तळमजला आणि एकतीस गहाळ वस्तूंबाबत

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त अनुदान अधिकारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणणे आजवर कोणाला जमलेले नाही, हे माझा भाचा शपथेवर सांगेल. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझ्या मागे भाषणे नकोत. जुन्या कार्यालयाने शोकसभा ठेवलीच, तर निरोप समारंभातला फोटो लावू नये. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

२. बँकेतील ठेवींचे दोन सारखे वाटे करावेत. एक माझ्या भाच्याला, दुसरा वीस वर्षे माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना. भाच्याने हे ऐकून विचारले, "आत्या, त्यांना आणि मला सारखंच?" सारखे नाही. बाईंचा वाटा आधी द्यायचा.

३. घराचा वरचा मजला भाच्याला. पुढच्या खोलीतले लाकडी कपाट त्याच्या बायकोला. तिने ते नऊ वर्षांपूर्वी मागितले होते आणि मी विषय बदलला होता. त्यातली पुस्तके मात्र वाचनालयात द्यावीत. दोघांपैकी कोणी वाचत नाही.

४. फाउंडेशनने मला दिलेले सन्मानचिन्ह फाउंडेशनला परत करावे. कारण पाचव्या कलमात आहे.

५. तळमजल्याच्या दोन्ही खोल्या, मागचे न्हाणीघर आणि रस्त्याकडचा उतार हे सर्व सिस्टरांना. सिस्टर म्हणजे मागच्या गल्लीत राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, मैत्रीण तर नाहीतच. भाचा कोर्टात गेला तर न्यायाधीशांना कारण कळायला हवे, म्हणून सविस्तर लिहिते.

रंगाच्या कारखान्याच्या मालकांनी काढलेल्या एका खाजगी फाउंडेशनमध्ये मी सव्वीस वर्षे नोकरी केली. गावातल्या लहान संस्था अनुदानासाठी अर्ज करत आणि कोणाला द्यायचे ते बहुतेक माझ्या टिपणावर ठरे. सिस्टरांनी भाड्याच्या गाळ्यात एक केंद्र काढले होते. तिथे आजाऱ्यांसाठी वस्तू उसन्या मिळत: वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, पाठीकडून उचलता येणारी खाट. लागेल त्याने न्यावे, गरज संपली की परत आणावे. त्यांचे पहिले अनुदान मीच मंजूर केले. प्रत्येक वस्तूवर पिवळ्या रंगाने क्रमांक घालायलाही मीच लावले.

तिसऱ्या वर्षी तपासणीला गेले. चाळीस वस्तूंपैकी गाळ्यात नऊ होत्या.

"बाकीच्या कुठे आहेत?" मी विचारले.

"लोकांकडे."

"कोणत्या लोकांकडे?"

"ज्यांना लागतात त्यांच्याकडे, मॅडम. एकाकडून दुसऱ्याकडे जातात. मी काय प्रत्येक कुबडीमागे पोलीस लावू?"

मला हे उद्धट वाटले. मी टिपणात लिहिले: 'एकतीस वस्तू गहाळ. पुढील अनुदान देऊ नये.' मोठ्या साहेबांनी सही केली. सहा महिन्यांत गाळा बंद झाला. त्याच वर्षी काटेकोर तपासणीबद्दल मला सन्मानचिन्ह मिळाले.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. गेल्या वर्षी मी जिन्यात पडले आणि खुबा मोडला. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी शेजारचा इलेक्ट्रिशियन वॉकर घेऊन आला.

"हा घ्या, मावशी. आईचा होता. ती आता काठीवर आलीय."

वॉकरच्या मागच्या पायावर पिवळ्या रंगात सतरा हा आकडा होता. माझ्या गहाळ यादीतला. मी विचारले, कुठून आणला. म्हणाला, किराणावाल्या काकांकडून. त्यांनी शाळेच्या शिपायाकडून आणला होता.

"आणि परत कोणाला करायचा?"

"परत कशाला? तुमचं झालं की मला हाक मारा. लाँड्रीवाल्याच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ती टपून बसलीय. म्हणजे घाई नाही हां, सावकाश बऱ्या व्हा."

चालता येऊ लागल्यावर मी तपासणी पुन्हा केली. दोन महिने घरोघर गेले. एकतीसपैकी सव्वीस वस्तू सापडल्या आणि प्रत्येकीवर कोणीतरी बसलेले, निजलेले किंवा टेकलेले होते. दोन मोडल्या होत्या, तीन वस्तूंचा पत्ता लागला नाही. पाठीकडून उचलता येणारी खाट फिरत फिरत सहाव्या घरात पोचली होती. फाउंडेशनच्या तपासणी अर्जात 'परत आलेल्या वस्तू' असा रकाना होता. 'वापरात असलेल्या वस्तू' असा नव्हता. तो अर्ज मी आखला होता.

मी फाउंडेशनला पत्र लिहिले. उत्तर आले की बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. तो नियमही माझाच.

मग सिस्टरांकडे गेले. त्यांनी दारातच उभे केले.

"आता काय तपासायचं राहिलंय, मॅडम?"

मी सांगितले की टिपण चुकीचे होते, चूक माझी होती. त्यांनी ऐकून घेतले.

"चूक तुमची, पण नाही म्हणायची पाळी माझ्यावर आली. अजून लोक विचारतात, सिस्टर, खुर्ची आहे का? जुन्या वस्तू किती पुरणार? तुमच्याकडून मला काही नको."

एवढे बोलून दार लावले. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

तरीही तळमजला त्यांनाच. भाडेकरू गेल्यापासून तो रिकामाच आहे, आणि उतारामुळे चाकाची खुर्ची सरळ आत जाते. सिस्टरांनी कोणताही अहवाल द्यायचा नाही. कोणी तपासणीला जायचे नाही. यात भाचा आला. त्यांनी नकार दिल्यास खोल्या वर्षभर बंद ठेवून मग भाच्याला द्याव्यात. त्या वर्षात भाच्याने त्यांच्या गल्लीत फिरकू नये.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. त्या संथ आहेत, पण विसरत नाहीत.

साक्षीदारांविषयी: दुसऱ्या साक्षीदार म्हणून मी सिस्टरांना बोलावणे धाडले होते. पाचवे कलम त्यांनी माझ्यासमोर वाचावे, एवढाच हेतू होता. तोंडाने सांगितले असते तर त्यांनी ऐकले नसते. आज त्या आल्या. कलम उभ्यानेच दोनदा वाचले आणि पेन टेबलावर ठेवले.

"मी सही करणार नाही."

मी म्हटले, ठीक आहे, तुमची मर्जी.

"मर्जी कसली? ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, हे ठाऊक नाही? दुसरं कोणी बघा." मग वकीलबाईंकडे वळून विचारले, "हे सगळं या गेल्यावरच ना?"

वकीलबाई म्हणाल्या, हो, मृत्युपत्र आहे.

"यांची तब्येत तर ठणठणीत दिसते. मी सदुसष्टची आहे, किती वर्षं थांबू? किल्ली द्या मॅडम."

किल्ली दिली. त्या आत्ता खाली आहेत, झाडत आहेत. इलेक्ट्रिशियनची सही झाल्यावर त्याला दिवे बघायला खाली पाठवावे, असे त्यांनी वर ओरडून सांगितले आहे. पाचव्या कलमाचे बक्षीसपत्र वकीलबाई उद्या करतील. भाच्याने नोंद घ्यावी.

स्थळ: राहते घर, वरचा मजला, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हां दोघांदेखत वरील सही झाली:
साक्षीदार पहिला: शेजारचा इलेक्ट्रिशियन (सही)
साक्षीदार दुसरा: चौकातला लाँड्रीवाला, ऐनवेळी बोलावलेला (सही)