वालाच्या वेलातली सायकल

बाबा, मागच्या भिंतीवर टांगलेली ती निळी सायकल तुम्ही कोणासाठी बांधत होता? मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही, पण तिला वाटतं, तिला माहीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतर माझं बी.ए. झालं, एम.ए. झालं, आपल्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी पदवीचा तो काळा झगा घालून फोटो काढला. एवढं शिकूनही या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुम्ही लकडगंजच्या प्लायवूडच्या गोदामातून संध्याकाळी यायचात आणि चहा झाला की मागच्या अंगणात जायचात. अंगण म्हणजे घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली पट्टी, अर्धी आईची, अर्धी तुमची. आईच्या अर्ध्यात वांगी, पुस्तकात टोमॅटो, कोथिंबीर, शेवगा म्हणतात ते भेदरं, सांभार, मुनगा, आणि भिंतीलगत वाल. तुमच्या अर्ध्यात कबाड्याकडून आणलेल्या फ्रेमा, वाकलेल्या रिमा आणि रॉकेलच्या डब्यात भिजत घातलेले बेअरिंगचे छर्रे. हद्दीवरून तुमची रोज बोलाचाली. तुमचं ग्रीस तिच्या सांभाराला लागायचं, तिचं पाणी तुमच्या चेनीवर उडायचं. तुमचं लोखंड उगवत नाही, माझा सांभार उगवतो, असं ती म्हणायची. त्यावर तुम्ही मान वर न करता म्हणायचात की लोखंडाला पाणी घातलं तर तेही वाढतं, गंजानं.

विकण्यासाठी तुम्ही कधी सायकल बांधली नाही. ओळखीत कोणाची शाळा लांब आहे, कोणाला कामावर पायी जावं लागतं, असं कानावर आलं की अंगणात एक नवी फ्रेम दिसायची. कोणासाठी ते तुम्ही आधी सांगत नसायचात. सीट सगळ्यात शेवटी बसायची. ज्याची सायकल त्याला बोलवायचं, हाताची बोटं पायडलच्या मधल्या नटावर टेकवायला सांगायची, हात सरळ, आणि सीट त्याच्या काखेत येईल तिथे कसायची. टेप तुम्ही कधी लावला नाही. बोटं टेकवेपर्यंत त्या माणसालाही कळत नसे की ही आपली आहे. म्हणून भिंतीवरची ती सायकल कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही तिला रंग दिलात, हॅन्डल लावलंत, पुढचं चाक चढवलंत. मागचं चाक आणि चेन राहिली. सीट राहिली.

मी लहान असतानाचा एक दिवस मला नेहमी आठवतो. तुम्ही चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताय, आरे एकेक करून आवळताय, आणि मला म्हणता, फिरवून पाय, सरळ हाये का. माझी मैत्रीण दारात उभी आहे. मी चाकाला एक हात मारते आणि न पाहताच सरळ आहे म्हणून पळायला लागते. तुम्ही मला थांबवता. चाक पुन्हा फिरवता. रिम एका ठिकाणी ब्रेकच्या रबराला घासून जाते, दर फेऱ्याला तोच आवाज. तुम्ही ओरडला नाहीत. "पायलं नाही त पायलं नाही म्हणावं. माहीत नाही त माहीत नाही म्हणावं. उद्या यावर कोणी बसन, अन् तू काहून सांगून राहिली वं, सरळ हाये म्हणून?" एवढंच. हे मी इतकं मनावर घेतलं की कॉलेजात त्यापायी माझ्या मैत्रिणी कमीच झाल्या. कोणी नोट्स कशा आहेत विचारलं तर मी खरं सांगायचे.

तुमच्यानंतर आईनं त्या सायकलीला कोणाला हात लावू दिला नाही. त्या वर्षी वालाचा वेल आपणहून फ्रेमवर चढला. पुढच्या वर्षीपासून ती सुतळी बांधून त्याला तिकडेच वळवायला लागली. थंडीत जांभळी फुलं हॅन्डलवर असतात आणि शेंगा मागच्या चाकाच्या रिकाम्या चिमट्यातून लोंबतात. शेजारच्या काकू भिंतीवरून वाकून शेंगा मागतात आणि विचारतात की यंदा घंटी लागली का वेलाला.

यंदा मला ती सायकल खाली काढायची होती, आणि त्याला कारण आहे. मला मेळघाटातल्या एका शाळेत शिकवायला जायचं आहे. खूप दिवसांपासून मनात होतं, आता बोलावणं आलं. आतापर्यंत रामदासपेठेत ऑफिसला जाताना मी आईला गाडीवर धंतोलीत सोडत होते. तिथल्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात ती पोळ्या करते. मी गेले की ती पायी जाणार. आधी जात नव्हती का, म्हणते. पण तेव्हा तिचे पाय संध्याकाळी असे सुजत नव्हते. मी म्हटलं, ती सायकल घे. तर म्हणाली, "ते तुयी हाये. तुया बाबानं तुया कॉलेजसाठी बांधली. मी काहून बसू?"

मला वाटतं ती आईची असावी. एकदा शेंगा निवडताना तिनं सांगितलं होतं की माहेरी ती भावाची सायकल दांडीखालून पाय घालून चालवायची आणि आजोबांनी सायकलीला कुलूप लावलं. तुम्ही तिथेच नट वेगळे करत बसला होता. मी हसले, तुम्ही हसला नाहीत. पण एवढ्यावरून काही ठरत नाही. तेव्हा माझी उंची आईएवढीच होती, फ्रेम दोघींनाही बसली असती.

वेल फुलावर असताना आई तो तोडू देत नाही, म्हणून थांबले. शेंगा संपल्या, बियाण्याच्या तिनं काढून घेतल्या, मग स्वतःच विळ्यानं वेल कापला. तिला वाटत होतं मी सायकल शाळेत घेऊन जाणार. मी छर्रे बदलले, चेन टाकली, मागचं चाक बसवलं. दोन्ही चाकं फिरवून पाहिली, खरंच पाहिली. काकू भिंतीवरून म्हणाल्या, "मास्तरीण होऊन राहिली का मिस्तरी, ठरव वं बाई." सीट राहिली तेव्हा आई म्हणाली, लाव हात, तुझ्या मापानं कस.

मी म्हणाले, "आई, बाबानं मले सांगतलं होतं. तुयी हाये म्हणून."

तिनं विचारलं, कधी. मी म्हटलं, बाबा वालाला आळं करत होते तेव्हा. ती हातातल्या वाळक्या वेलाची पानं तोडत राहिली. "तुये बाबा सांगणाऱ्यातले नव्हते," एवढंच म्हणाली. मग वेल बाजूला ठेवला, पदर खोचला, सायकलीजवळ आली आणि वाकून पायडलच्या नटावर बोटं टेकवली. हात सरळ केला. तिला कसं उभं राहायचं ते सांगावं लागलं नाही.

आता सकाळी ती गल्लीत चकरा मारते. वळताना अजून पाय टेकवते. काकूंनी सांगून ठेवलंय की पडलीस तर मुनग्याच्या शेंगा मी नेईन.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं. मी पाहिलं नव्हतं, तरी सरळ आहे म्हणाले. सीट आईच्या काखेएवढी बसवली आहे, आणि नट पूर्ण कसलाय.