मंडळीसाठी पेज

पप्पा, आज उपासनेनंतर आपलं देऊळ बंद करायचं ठरलं. सगळं गाव त्याला चर्च म्हणतं, तुम्ही मात्र शेवटपर्यंत देऊळच म्हणालात, म्हणून मीही तेच लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटून बसावं लागतं. तरी ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. वेडेपणाच आहे हा. तुम्हाला सांगायला येणार कोण?

तुम्हाला रेडीला पाठवलं तेव्हा बंदरात खनिज भरायच्या कामावर आलेली आपली लूथरन घरं मूठभर होती. दुसरी मंडळी आंबोलीच्याही वर, घाटावर. दोन्हींना मिळून पाळक एकच, तुम्ही. एक रविवार खाली, एक रविवार वर. पावसाळ्यात घाट उतरून आलेल्या एसटीतून तुम्ही उतरताय, उपासनेचा झगा प्लास्टिकच्या पिशवीत अगदी कोरडा, आणि तुम्ही स्वतः नखशिखांत भिजलेले. आई दारातूनच ओरडतेय, "झग्याला पडसं होत नाही, तुम्हाला होतं!" तुम्ही हसून टॉवेल मागायचात. आई काही हसायची नाही.

तुम्ही घाटावरचे. बायबलच्या मराठीत बोलायचात आणि कुणी मालवणीत सुरू झालं की बावचळून जायचात. म्हणून तर तो घोटाळा झाला. पावसात बंदर बंद, लोकांच्या हाताला काम नाही, तेव्हा उपासनेनंतर आपल्या माणसांना गरम पेज द्यावी असं तुमच्या मनात आलं. तुम्ही बाहेरच्या फळ्यावर खडूने सुंदर अक्षरात लिहिलंत, 'रविवारी मंडळीसाठी पेज.' आपल्यासाठी मंडळी म्हणजे देवळाचे सभासद. गावासाठी मंडळी म्हणजे सगळेच की! रविवारी मी खिडकीतून बघते तर अख्खी वाडी आपापली ताटं-वाट्या घेऊन, छत्र्या, खोळी सावरत अंगणात उभी. आईच्या हातातला पळा तसाच राहिला. शेजारच्या काकी पुढे आल्या. तुमचा चेहरा बघून त्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं असावं. "पाद्रीबाबा, तुमी मंडळीक म्हणान लिवल्यात, म्हणान इलंव. आमी चुकान इलंव काय?"

तुम्ही एकदा फळ्याकडे बघितलंत, एकदा आईकडे. "नाही, नाही. मंडळीसाठीच आहे," म्हणालात, आणि आत येऊन हळूच आईला, "पाणी वाढव."

त्या दिवशीची पेज इतकी पातळ होती की तिच्यात तोंड दिसलं असतं. लोणच्याची बरणी तळाला गेली. संध्याकाळी आईने तुम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. सभासद लिहायला काय झालं होतं, म्हणाली. "आता लिहून झालंय, खोडू कसं?" एवढंच तुम्ही बोललात. आणि खरंच खोडलं नाहीत. पुढच्या रविवारी घाटावरच्या मंडळीने एसटीच्या टपावर तांदळाचं पोतं चढवून पाठवलं. आपण त्यांना खारा बांगडा पाठवला, त्याच्या वासावरून कंडक्टर तुमच्याशी भांडला. मग दर पावसाळ्यात हे चालूच राहिलं. वाडीतल्या बायका आळीपाळीने चुलीशी बसायला लागल्या. काकी आमच्या हातचं खायच्या नाहीत, पण ढवळायला सगळ्यांच्या आधी हजर. तुम्ही कधी त्यांना आग्रह केला नाहीत. मला राग यायचा त्यांचा, तुम्हाला का येत नाही म्हणून तुमचाही यायचा.

तुम्हाला मातीत ठेवून आम्ही घरी आलो, तर त्या काकी आमच्या स्वयंपाकघरात पेज शिजवत होत्या. आईला त्यांनी बळेच दोन घास खायला लावले. मग स्वतः खाली बसल्या, ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "माका पण वाढ गो." आई दिवसभर रडली नव्हती, ती तेव्हा रडली. हे तुम्हाला बघता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता बंदरावरचं काम आटलं, आपली घरं एकेक करून निघून गेली. छपराचे वासे वाळवीने खाल्लेत. हल्ली पाळक म्हणून येते ती माझ्या लेकीच्या वयाची मुलगी आहे, गुणी आहे, चार ठिकाणच्या मंडळ्या सांभाळताना तिची नुसती धावपळ होते. घाटावरच्यांनी निरोप धाडला, आमच्यात या, गाडी पाठवतो. आज सभेत या पाळकबाईने सगळं नीट समजावलं, मग देऊळ बंद करायला ज्यांची संमती त्यांना हात वर करायला सांगितले. मागे काकींची सून बसली होती. तिने विचारलं, "मगे पेज खंय शिजतली?" आणि लगेच तीच म्हणाली, "टोप आमका देवा. शाळेच्या पडवेत आमी रांधतलंव." मी हात वर केला. दुसरं काय करणार होते?

बाहेर पडताना सगळे म्हणत होते, पाळकांचं काम गावाने उचललं, ते असते तर किती सुखावले असते. मीही मान डोलावली. तुम्ही सुखावला असतात, मला ठाऊक आहे. मी नाही सुखावले, पप्पा. त्या शाळेत मी जन्मभर शिकवलं, तिथे मी बाई. घरी मी आजी. आई गेल्यापासून मुलगी मी फक्त देवळाच्या पायरीवर, तिथे कुणी म्हातारं माणूस मला बघून म्हणायचं, "पाळकाचा चेडू इला." सभेत हे बोलायची लाज वाटली. हा कागदही कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. मला ते दार एवढ्याचसाठी उघडं हवं होतं.