मावा जिलेबीची बशी

बाबा, काल बुधवाऱ्याच्या बाजारातून मावा जिलेबी आणली. माझ्यासाठी नाही, सासूबाईंसाठी. त्या आता फार थकल्यात, पण गोडाला नाही म्हणत नाहीत. त्यांच्या हातात बशी दिली आणि तुमची बशी आठवली.

मला बघायला आले होते तो दिवस. तुम्ही नेपानगरच्या कारखान्यातून अर्धी रजा काढून आलेले, आई स्वयंपाकघरात, मी दाराआड. आईने तुम्हाला बजावून ठेवलंय की साखरेचं नावही काढायचं नाही. मुलीच्या बापाला शुगर आहे म्हटलं की पाहुणे चहा संपवून चालू लागतात, आधीचं एक स्थळ तसंच गेलेलं. आणि तुम्ही काय करता, तर समोर आलेली जिलेबीची बशी सगळ्यांदेखत बाजूला सरकवता. "मी नाही खात. मला शुगर आहे, रोज सुई घेतो. उद्या पोरीला बी होऊ शकते. आत्ताच सांगून टाकतो, मागाहून कटकट नको." आत आईने कपाळावर हात मारून घेतला. बाहेर सासूबाई, म्हणजे तेव्हाच्या पाहुण्या, म्हणाल्या, "चला, खरं बोलणारा माणूस तर भेटला. बोलवा मुलीला."

तुमचं म्हणणं खरं झालं हो. चाळिशीत मलाही गोळ्या सुरू झाल्या. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी करोना आला आणि त्याने मला चांगलंच धरलं. दम लागत होता, धड बोलता येत नव्हतं. दवाखान्याच्या दारात ही गर्दी. सासूबाई नाकातोंडाला पदर बांधून पुढे घुसल्या, माझ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे धरली आणि ओरडल्या, "डॉक्टरसाब, हिला शुगर आहे! हिच्या वडिलांना बी होती!" सगळी रांग वळून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, "बरं केलं, आधीच सांगितलं." अशा आजारात साखर चढते, छातीसाठी देतात त्या औषधाने आणखी चढते, आणि ती चढलेली राहिली तर आजार हटता हटत नाही, हे मला तिथे कळलं. माझ्या गोळ्या थांबवून त्यांनी पहिल्या दिवसापासून सुई लावली, साखर पुन्हा पुन्हा तपासली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने लाजेपायी साखर लपवली होती. ती माझ्यानंतर कितीतरी दिवसांनी घरी गेली. मी वाचले बाबा, आणि तुमच्यामुळे वाचले असं मी छाती पुढे काढून सांगते. तुम्ही तेव्हाच सांगून टाकलंत, म्हणून सासरी साखर ही कधी लपवायची गोष्टच नव्हती.

मुलांना हे सांगताना मी म्हणते, तुमचे आजोबा कोणाला भ्यायचे नाहीत, भर बैठकीत बेधडक बोलले. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दाराच्या फटीतून मला दिसलं होतं. बशी सरकवताना तुमचा हात इतका थरथरत होता की ती बशी वाजत होती. तेवढं मी कोणाला सांगत नाही.