चिखलाखालची पाटी

मंगळवार, संध्याकाळ

घरी आल्यापासून हात धुतोच आहे. माझ्या अग्निशमन तुकडीतल्या सुनीलला ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

विसरवाडीच्या अलीकडे टँकर उलटल्याचा फोन आला, तेव्हा बंबात बसतानाच मी म्हणालो, मळी असेल. साखर कारखान्याची. याआधी इथे उलटलेले दोन्ही टँकर मळीचेच होते ना! पोचलो तर रस्त्यावर काळपट, घट्टसर काहीतरी पसरलेलं. झालं, माझी खात्री पटली. वास जरा निराळा आला, तर म्हटलं, उन्हाने आंबली असेल. टँकरच्या मागची पाटी चिखलाने माखली होती. आत काय आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. रुमालाचा एक हात फिरवायचा होता, बस्स. पण ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला दिसला आणि मी सुनीलला तसाच पुढे पाठवला.

बंब चालवणारे दगडूदादा मागून ओरडले, "साहेब, हाई मळी नई शे! एक बी माशी दखाय नई ऱ्हायनी!" गोड मळीवर माश्या घोंगावतात; इथे एकही दिसत नव्हती.

तोवर सुनीलने ड्रायव्हरला बाहेर ओढलं होतं आणि स्वतः गुदमरून गुडघ्यांवर बसला होता. मग मी पाटी पुसली. चिखलाखाली कवटीचं चित्र.

नव्या लोकांना मीच शिकवतो, आधी पाटी वाचा. मीच.

मघाशी वॉर्डात सुनील धापा टाकत म्हणाला, "माले बी मळीच वाटनी व्हती, साहेब."

खोटं. बंबातून उतरताना त्याने विचारलं होतं, "साहेब, मास्क लाई लेऊ का?" आणि मी हसलो होतो.